किल्ली हाती येईपर्यंत: सातारा-सांगलीत सामाजिक कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला गाठतंच. कधी पुण्यातली नोकरी सोडून विट्याला परत आलेला पोरगा असतो, कधी बदलीवर साताऱ्यात आलेल्या बँकेतल्या ताई, कधी नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी. प्रश्न साधारण एकच असतो. "काहीतरी अर्थ असलेलं काम करायचंय, चांगल्या माणसांत राहून करायचंय, कुठं जाऊ?" मी चहा सांगतो आणि विचारतो, "आठवड्यातला कुठला वार मोकळा आहे? किती ते किती?" निम्मे इथंच अडखळतात.

मी मूळचा कोरेगाव तालुक्यातला, नोकरीमुळं सांगलीकर झालो. चौदा वर्षं एका अभ्यासिकेत काम करतोय. पोलीस भरती, तलाठी, स्पर्धा परीक्षा असं काय काय करणारी पोरं-पोरी तिथं पहाटेपासून बसतात. पुढं जे लिहिलंय ते याच कामातून, आणि आजूबाजूच्या गटांत ऊठबस करून कळलेलं आहे.

आधी वार ठरवा

"मी काहीही करायला तयार आहे" असं म्हणणाऱ्याला कुणी काही देत नाही, कारण त्याला नेमकं काय द्यायचं हेच समोरच्याला कळत नाही. त्यापेक्षा "गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ मोकळा असतो, दुचाकी आहे, मराठी टायपिंग येतं, रक्त बघून चक्कर येते" एवढं सांगितलंत की काम आपोआप तुमच्याकडं चालत येतं. शेवटचंही सांगायचं. नाहीतर पहिल्याच आठवड्यात रक्तदान शिबिराला उभं करतील.

आठवड्याला दोन तास पुरे. सुरुवातीच्या उत्साहात रोज येतो म्हणणारे दिवाळीपर्यंत टिकत नाहीत, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता नव्या माणसाला मीच अडवतो. आणि घरी विचारून या. घरच्यांना अंधारात ठेवून समाजसेवा करणारा माणूस तिसऱ्या महिन्यात फोन बंद करून बसतो.

कुठं बघायचं

एकमेकांसाठी राबणं आपल्याकडं काही नवं नाही. इर्जिक म्हटलं की जुनी माणसं अजून हसतात: एखाद्याची पेरणी मागं पडली की गावातले बैल आणि माणसं एक दिवस त्याच्या रानात, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवण. पैरा, सावड, वारंगुळा हे शब्दही त्यातलेच. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. कागदावर काही नसायचं, पण कोण किती दिवस आला हे सगळ्यांना पाठ असायचं.

त्याच मातीत पुढची कामं उभी राहिली. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी नदीतली थोडी वाळू विकून आणि स्वतः राबून बळीराजा धरण बांधलं, आणि पाणी वाटताना भूमिहीन कुटुंबांचाही हिस्सा धरला. माझ्या तालुक्यातल्या वेळू गावानं 2016 ला पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत श्रमदान करून पहिला नंबर काढला. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला 2022 च्या 15 ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाइल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात. बातमी वाचणारे भोंग्याचं कौतुक करतात. मला आधी आठवतो तो रोज सातला बटण दाबणारा माणूस. लग्न असो, पाऊस असो, तो तिथं असतो म्हणून गाव बंद होतं.

नव्या माणसानं मोठ्या नावाच्या मागं जायची गरज नाही. साताऱ्यात असाल तर व्यसनमुक्तीचं काम आहे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या शाखा आहेत (दोन्हींमागं साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर होते, समिती 1989 ची), अजिंक्यताऱ्यावर झाडं जगवणारे गट आहेत, कासच्या रस्त्यावर हंगामात प्लास्टिक उचलणारे आहेत. सांगली-मिरजेत वाचनालयं, अभ्यासिका, नदीकाठच्या वस्त्यांतले वर्ग, रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण पोचवणारी मंडळं. गावात असाल तर बचत गट आणि ग्रामसभा. ग्रामसभेला जायला कुणाची ओळख लागत नाही, मतदार यादीत नाव असलं की झालं. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली जी संख्या कमी ती लागते, आणि बऱ्याच गावांत तेवढेही जमत नाहीत. म्हणजे तुम्ही नुसते जाऊन बसलात तरी उपयोग होतो.

संस्था पारखून घ्या

इथं घाई करू नका. संस्था चांगली आहे की नाही हे तिच्या पत्रकावरून कळत नाही, तिथल्या मोरीजवळ उभं राहिलं की कळतं.

मोरीजवळ म्हणजे खरंच मोरीजवळ. कार्यक्रम संपल्यावर कप कोण विसळतं ते बघा. दरवेळी त्याच दोन बायका विसळत असतील आणि अध्यक्ष बाहेर फोटोला उभे असतील, तर समतेवरची भाषणं कितीही चांगली असोत, तुम्ही पुढचं दार बघा. 1919 साली कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 ला ती साताऱ्यात आणली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची आणि स्वयंपाक, झाडलोट, शेतातलं काम स्वतःच करायची. 1927 ला गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्र मोडल्याची गोष्ट आमच्याकडं दर 22 सप्टेंबरला, भाऊरावांच्या जयंतीला, भाषणात येते, आणि ती यायलाच हवी. पण मला त्या पोरांच्या हातातलं राखेनं घासलेलं भांडं जास्त दिसतं. स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद भिंतीवर लिहिण्याआधी ते त्या भांड्यात होतं.

दुसरं, हिशोब मागा. लाजू नका. नोंदणीकृत संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातला नोंदणी क्रमांक असतो, विश्वस्त आणि मालमत्तेची नोंद असलेला परिशिष्ट एकचा उतारा असतो, दरवर्षीचं ऑडिट असतं. "मागच्या वर्षीचा ताळेबंद बघायला मिळेल का?" एवढं विचारायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा. सरळ संस्थेत कपाट उघडून फाइल पुढ्यात ठेवतात, वर कौतुकानं विचारतात, "काय ओ, सीए आहात काय?" वाकड्या संस्थेत "तुमचा विश्वास नाही का आमच्यावर?" असं उत्तर येतं. मला हे उत्तर दोनदा मिळालं. एकदा निघून आलो. एकदा राहिलो आणि वर्षभरानं पस्तावलो. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज दिला आहे का तेही विचारा. कायद्यानं तो 90 दिवसांत द्यायचा असतो, आणि जिथं तो वर्षानुवर्षं दिलेला नसतो तिथं सहसा आत काहीतरी शिजत असतं. लहान, नोंदणी नसलेल्या गटाला ही कागदपत्रं मागू नका, पण जमाखर्चाची वही त्यांच्याकडंही असली पाहिजे.

तिसरं, बैठकीत कुणी विरोध केला तर काय होतं ते बघा. एखादी नवी पोरगी उठून म्हणाली, "सर, मला हे पटत नाही," तर सर पुढं ऐकतात, की टाळ्या वाजवून विषय बदलतात? दोन बैठकांत तुम्हाला कळेल.

जात कुणी विचारत नाही म्हणून जात नाही असं समजू नका. आडनाव विचारून गाव विचारणारे आपल्याकडं भरपूर. पाणी कुणाच्या हातनं प्यायलं जातं, बाहेरगावी गेल्यावर कोण कुणाच्या घरी उतरतं, खजिनदार नेहमी एकाच भावकीतला का असतो, हे डोळे उघडे ठेवून बघायचं.

तीन महिने सतरंज्या

संस्था पसंत पडली की लगेच सल्ले द्यायला लागू नका. विशेषतः पुण्या-मुंबईहून आलेल्यांना मी हात जोडून सांगतो. तुमच्याकडं ॲपची कल्पना असेल, लोगो बदलायचा असेल, सगळं मान्य. तीन महिने सतरंज्या घाला, खुर्च्या मोजा, नावं पाठ करा.

मी स्वतः बोरगावकडच्या एका बचत गटाची बैठक पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा कॉलेजात शिकवणारा एक मित्र बरोबर होता. त्यानं गटाच्या नोंदी मोबाइलवर कशा ठेवता येतील हे सांगायला सुरुवात केली. गटाच्या मावशी जरा वेळ ऐकत राहिल्या. मग वही पुढं सरकवून म्हणाल्या, "तू कॉलेजात सर हायस. हितं बस, आन एवढी बेरीज करून दे." त्यानं केली. चुकली. मावशींनी बोटांवर करून बरोबर सांगितली. बायका हसल्या, तोही हसला, आणि पुढची दोन वर्षं तो त्या गटाच्या मागं-पुढं होता, बँकेचे अर्ज भरून द्यायला. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, हिशोबाची वही ही गटाची पंचसूत्री त्याला मावशींनीच शिकवली.

या तीन महिन्यांत तुम्हाला कळतं की जिथं मदत लागेल असं वाटलं होतं तिथं ती लागत नाही, आणि जिथं लागते तिथं कुणी बघत नाही. आमच्या अभ्यासिकेत शिकवायला माणसं भरपूर मिळतात. संडासाची टाकी भरली की माणूस मिळत नाही.

जबाबदारी मागून घ्या, आणि वहीत लिहून घ्या

मदत करणं आणि जबाबदारी घेणं या दोन गोष्टींची नवी माणसं गल्लत करतात. मदत म्हणजे जमलं तेव्हा आलो. जबाबदारी म्हणजे मी आलो नाही तर काम अडतं, आणि अडलं तर विचारणा मलाच होणार.

म्हणून तीन महिन्यांनी बैठकीत स्वतः तोंड उघडा: "वर्तमानपत्रांच्या बिलांचं काम माझ्याकडं द्या." ते प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बैठकीच्या नोंदवहीत, लिहून घ्या. काम कुठलं, कधीपर्यंत, आणि मी नसेन तेव्हा कोण. ही तिसरी गोष्ट सगळे विसरतात. मीही विसरलो होतो.

माझ्याकडं सकाळी दार उघडायचं काम होतं. सहाची वेळ. पत्र्याच्या कपाटामागं खिळ्याला किल्ली असायची, पण मी ती मोठ्या ऐटीत घरी नेत असे. डिसेंबरातला एक सोमवार. आदल्या दिवशी लग्नाहून उशिरा आलो, गजर झाला तो बंद करून परत झोपलो. जाग आली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं. फोन सायलेंटवर, अकरा मिस्ड कॉल. गेलो तर एकोणीस पोरं-पोरी पायरीवर कुडकुडत बसलेली, एकीचा त्याच दिवशी अकराला पेपर. ती रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी राहून वाचत होती. कुणी काही बोललं नाही. एका पोरानं फक्त "सर, किल्ली द्या, मी उघडतो" म्हणून हात पुढं केला. ते न बोलणंच मला लागलं.

त्या दिवशी मी एक बरोबर गोष्ट केली. संध्याकाळच्या बैठकीपर्यंत वाट न बघता व्हॉट्सॲप गटावर लिहिलं: आज माझ्या झोपेमुळं अभ्यासिका तासाभराहून जास्त उशिरा उघडली. "काही तांत्रिक कारणानं" असं लिहायचा मोह झाला होता, खोटं कशाला सांगू. मग बैठकीत ठरलं की दोन किल्ल्या करायच्या, दुसरी अभ्यासाला येणाऱ्यांपैकी एकाकडं राहील, आणि महिन्याच्या एक तारखेला ती फिरेल. नव्या माणसाला माझं सांगणं हेच: चूक झाली तर त्याच दिवशी, आपल्या तोंडानं, कारणांची पोतडी न उघडता सांगा. दुसऱ्यानं सांगितली की ती दुप्पट होते.

आणि एका वेळी एकच जबाबदारी. दोन झाल्या की एक मोबाइलमधल्या आठवणीवर चालते, आणि ती हमखास बुडते.

पैसा हातात आला तर

पावतीशिवाय रुपया घेऊ नका, अगदी मामांकडूनही. खात्यावर दोन सह्या हव्यात, आणि त्या दोन सह्या नवरा-बायकोच्या नकोत. रोख देणगी मोठी असेल तर चेक मागा. तसंही 2,000 रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे सांगितलं की लोक ऐकतात. खर्चाची बिलं त्याच आठवड्यात वहीला टाचून टाका.

हिशोब येत नाही म्हणून मागं राहू नका. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि 1997 ला माणदेशी महिला बँक उभी राहिली. तुम्हाला तर निदान एक्सेल येतं.

पुरात

सांगलीत राहणाऱ्यानं हे वेगळं वाचावं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तेव्हा महाराष्ट्रभरातून मदतीचे टेम्पो आले, माणसं मनापासून आली, आणि आम्ही त्यात पुढं होतो. पण यादी कुणाकडंच नव्हती. पलूस तालुक्यातल्या एका गावात आम्ही रस्त्याकडेच्या गल्लीत बिस्किटं वाटली. ती तिथली तिसरी खेप होती, हे वाटून झाल्यावर कळलं. मागच्या गल्लीत प्यायला पाणी नव्हतं, तिथवर टेम्पो जात नव्हता म्हणून कुणी गेलंच नव्हतं. जुन्या कपड्यांचे ढीग तर रस्त्याकडेला भिजत पडले होते.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा आमच्यातल्या एका ताईंनी एकच काम अंगावर घेतलं: यादी. गल्लीनिहाय घरं, घरात किती माणसं, तान्हं मूल आहे का, कुणाला साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे का, जनावरं किती. त्या चार दिवस टेम्पोत चढल्याच नाहीत. शाळेच्या व्हरांड्यात वही घेऊन बसल्या आणि त्यांच्या वहीशिवाय एकही टेम्पो हलला नाही. फोटोत त्या कुठंच नाहीत.

पूर येण्याची वाट बघू नका. मे महिन्यातच आपल्या गल्लीची अशी यादी करून ठेवा. नव्या माणसाला शेजारपाजार ओळखायला याहून चांगलं निमित्त नाही.

पटेनासं झालं तर

भांडण होणार. ते बैठकीत करा, चहाच्या टपरीवर करू नका. ठरावाला विरोध असेल तर विरोध नोंदवून घ्या आणि नोंदवला की नाही ते पुढच्या बैठकीत प्रोसिडिंग वाचताना बघा. पैशाची किंवा मुलींच्या सुरक्षिततेची गोष्ट असेल तर मात्र "संस्थेची बदनामी होईल" हे कुणाचंही ऐकू नका, मग सांगणारा कितीही वडीलधारा असो.

सोडायचं ठरलं तरी एकदम गायब होऊ नका. महिनाभर आधी सांगा. आपलं काम एका पानावर लिहून द्या: बिल कुठल्या तारखेला येतं, वीज गेली की कुणाला फोन करायचा, टाकी साफ करणाऱ्याचा नंबर, कुठल्या खिडकीची कडी नीट लागत नाही. पुढच्या माणसाबरोबर दोन आठवडे काढा, आणि मग मध्ये बोलू नका.

मागच्या जूनमध्ये मी सकाळचं काम सोडलं, गुडघ्यांमुळं. पहिल्यांदा पायरीवर हात पुढं केलेला तो पोरगा आता तासगावला नोकरीला आहे, त्याच्या मागून आलेली एक मुलगी दार उघडते. परवा गेलो तेव्हा मी तिला कुलूप जरा डावीकडं ओढून फिरवायचं असतं हे दाखवायला लागलो. ती म्हणाली, "काका, ते कुलूप आम्ही दिवाळीतच बदललंय."